सर्व्हर पडल्याचं आधी कुणाला कळतं?

सर्व्हर बंद पडल्याची पहिली बातमी ग्राहकाच्या फोनवरून येऊ नये, यासाठी देखरेखीची सॉफ्टवेअर असतात. सगळ्यात साधी तपासणी 'पिंग'ची: समोरच्या यंत्राला छोटा संदेश पाठवायचा आणि उत्तराची वाट पाहायची. अमेरिकी लष्कराच्या प्रयोगशाळेत माइक म्यूस यांनी डिसेंबर १९८३मध्ये हा प्रोग्रॅम लिहिला. पण पिंगला उत्तर आलं म्हणजे सगळं ठीक, असं मुळीच नाही. यंत्र चालू असतं आणि डिस्क भरल्यामुळे डेटाबेस मात्र ठप्प असतो. म्हणून डिस्क, मेमरी, वेबपान उघडायला लागणारा वेळ हे सगळं वेगवेगळं तपासावं लागतं.

अशा तपासण्या करणारं इथन गॅलस्टॅड यांचं 'नागिओस' हे सॉफ्टवेअर १९९९मध्ये 'नेटसेंट' या नावाने आलं. त्याचा खरा शहाणपणा असा, की पहिल्याच अपयशाला ते इशारा धाडत नाही. बिघाड 'सॉफ्ट' धरून ठरलेल्या वेळा पुन्हा तपासतं. तरीही उत्तर चुकलं तरच तो 'हार्ड' ठरतो आणि ईमेल किंवा एसएमएस सुटतो. यंत्रांची जोडणी नीट नोंदवली असेल, तर राउटर पडल्यावर त्यामागचे सर्व्हर 'डाउन' न दाखवता 'अनरीचेबल' दाखवतं. रात्री अडीचला झोपेतून उठलेल्या माणसाला नेमकं कुठे हात घालायचा ते कळतं, आणि हे फार मोलाचं आहे.

पण देखरेखही त्याच नेटवर्कवर अवलंबून असेल, तर तीही सोबतच बंद पडू शकते. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुक सुमारे सहा तास बंद होतं. तेव्हा दुरुस्तीची अंतर्गत साधनंही त्याच नेटवर्कवर अवलंबून असल्याने निकामी झाली. म्हणून निदान एक तपासणी पूर्णपणे बाहेरच्या नेटवर्कवरून चालवतात.