वाजवतंय कोण?

जपानमधल्या जुन्या जॅझ किस्सामध्ये, म्हणजे जॅझ ऐकण्यासाठीच चालवलेल्या कॉफीघरात, काउंटरवर नाहीतर भिंतीलगत एक छोटा स्टँड असतो. मालकानं एलपी लावली की तिचं कव्हर त्या स्टँडवर उभं राहतं. बाजू संपते, तबकडी बदलते, कव्हरही बदलतं. कोणी निवेदन करत नाही. ज्याला जाणून घ्यायचंय त्यानं उठावं, कव्हर उलटून मागची बारीक अक्षरं वाचावीत आणि मुकाट्यानं जागेवर येऊन बसावं. सॅक्सोफोन कोणाचा, पियानोवर कोण, ड्रम्स कोणाचे, ध्वनिमुद्रण कधीचं, हे सगळं तिथे छापलेलं असतं.

‘सध्या काय लावलंयस?’ हा प्रश्न जॅझचे दर्दी एकमेकांना कित्येक दशकं विचारत आले आहेत, आणि नुसतं धुनेचं नाव सांगून त्याचं उत्तर कधीच पुरं होत नाही. यमन ऐकला म्हटलं की आपल्या तोंडून आपसूक ‘कोणाचा?’ निघतं, तसंच हे. ‘बॉडी अँड सोल’ शेकडो जणांनी वाजवलंय. पण १९३९ मध्ये सॅक्सोफोनवादक कोलमन हॉकिन्सनं तीन मिनिटांच्या तबकडीवर मूळ चाल जेमतेम सुचवून बाकी सारा वेळ स्वतःचंच काही रचलं, आणि त्या तीन मिनिटांसाठी ती तबकडी लोकांनी जिवापाड जपली. बाहेरगावच्या, परदेशातल्या ऐकणाऱ्याला तो क्षण गाठायला तबकडीशिवाय दुसरा मार्गच नव्हता. म्हणून हे संगीत जगभर पसरलं ते मैफलींपेक्षा तबकड्यांच्या जोरावर, आणि तबकड्या महाग असल्यामुळे एकमेकांच्या तबकड्यांच्या जोरावर.

योकोहामाच्या नोगे भागातलं ‘चिगुसा’ हे याचं सर्वांत बोलकं उदाहरण. योशिदा मामोरू या तरुणानं ते १९३३ मध्ये उघडलं, तेव्हा तो विशीत होता. युद्धाच्या काळात जॅझ हे शत्रूचं संगीत ठरून त्यावर बंदी आली, आणि १९४५ च्या मे महिन्यात योकोहामावर झालेल्या हवाई हल्ल्यात दुकान हजारो तबकड्यांसकट जळून गेलं. युद्धानंतर योशिदानं पुन्हा सुरुवात केली ती गिऱ्हाइकांच्या आणि वादकांच्या मदतीवर. लोकांनी जपून ठेवलेल्या तबकड्या आणून दिल्या. बंदरात अमेरिकी सैन्य होतं, त्यांच्यासाठी काढलेल्या ‘व्ही-डिस्क’ही येत गेल्या. तोशिको आकियोशी आणि सादाओ वातानाबे हे पुढे जगभर गाजलेले वादक तरुणपणी इथे येऊन बसत आणि तबकड्या ऐकून ऐकून स्वरलिपी उतरवून घेत. आकियोशीचा पियानो १९५३ मध्ये ऑस्कर पीटरसननं ऐकला आणि १९५६ मध्ये ती बॉस्टनला बर्कली संगीत विद्यालयात शिकायला गेली. मला वाटतं, तिच्या शिक्षणाचा अर्धा खर्च त्या अनाम गिऱ्हाइकांनीच केला होता.

साठच्या दशकात अशी कॉफीघरं फोफावली, त्याचं कारण साधं होतं. आयात केलेली एलपी विद्यार्थ्याच्या आवाक्याबाहेरची होती, एक कप कॉफी मात्र परवडायची, आणि त्या कपावर तासन्‌तास बसता यायचं. कपाटाएवढे जेबीएल किंवा आल्टेकचे स्पीकर आणि त्यांच्याकडे तोंड करून मांडलेल्या खुर्च्या. काही ठिकाणी बोलायलाही मनाई. चिठ्ठीवर फर्माईश लिहून द्यायची, मग पाळी आली की एलपीची एक बाजू लागणार. एक बाजू म्हणजे साधारण वीस मिनिटं. हा नियम मला फार शहाणपणाचा वाटतो. अनोळखी माणसाची निवड वीस मिनिटं मधेच न तोडता ऐकून घ्यायची, आवडो न आवडो. लेखक हारुकी मुराकामी कादंबरीकार होण्याआधी १९७४ पासून टोकियोत असंच एक ठिकाण चालवत होता. उत्तरेकडच्या इचिनोसेकी गावात जुन्या कोठारात १९७० मध्ये सुरू झालेल्या ठिकाणाचं नाव ‘बेसी’. मालक सुगावारा शोजी यांना ‘स्विफ्टी’ हे टोपणनाव खुद्द बँडप्रमुख काउंट बेसीनं दिलं.

कव्हरवरच्या नावांचा हा सोस मात्र मुळात जपानी नाही. १९१७ मध्ये ओरिजिनल डिक्सीलँड जॅस बँडची तबकडी निघाली, तिथून जॅझच्या तबकड्या सुरू झाल्या असं धरतात. त्यानंतर बरीच वर्षं लेबलवर फक्त बँडचं नाव असे. आतला ट्रंपेटवाला कोण, हे कंपनीला महत्त्वाचं वाटत नसे. ते महत्त्वाचं ठरवलं ऐकणाऱ्यांनी. न्यूयॉर्कच्या ४२ व्या रस्त्यावर ‘कमोडोर’ नावाच्या दुकानात मिल्ट गेब्लर जुन्या, बाजारातून गेलेल्या तबकड्या पुन्हा छापून घेऊ लागला, आणि लेबलवर सगळ्या वादकांची नावं देऊ लागला. याच गेब्लरनं १९३९ मध्ये गायिका बिली हॉलिडेचं ‘स्ट्रेंज फ्रूट’ आपल्या लेबलवर काढलं, कारण तिची नेहमीची कंपनी ते काढायला तयार नव्हती. पॅरिसमध्ये १९३२ पासून जॅझप्रेमींचा ‘हॉट क्लब’ होता. त्यातल्या शार्ल दलोनेनं १९३६ मध्ये ‘हॉट डिस्कोग्राफी’ छापली: कोणत्या तबकडीवर कोण, त्याची जंत्री. चित्रकार आईबापांचा हा मुलगा दुसऱ्यांच्या संग्रहातल्या तबकड्यांचे तपशील गोळा करण्यात रमला.

मग याच नावांशी खेळ सुरू झाला. समीक्षक लिओनर्ड फेदरनं १९४६ पासून ‘ब्लाइंडफोल्ड टेस्ट’ चालवली. नामांकित वादकाला तबकडी ऐकवायची, पण कव्हर दाखवायचं नाही. कोण वाजवतंय ते ओळखा. १९५१ मध्ये ट्रंपेटवादक रॉय एल्ड्रिजनं छातीठोक सांगितलं की वादक गोरा की काळा हे मी ऐकून ओळखतो. चाचणीत तो बहुतेक वेळा चुकला. हा खेळ आजही घराघरांतल्या बैठकीत चालतो. पैज हरलेला मान्य करत नाही, एवढाच फरक.

१९४८ मध्ये कोलंबिया कंपनीनं एलपी आणली आणि कव्हर मोठं झालं, मागे लिहायला जागा झाली. आल्फ्रेड लायनच्या ‘ब्लू नोट’ कंपनीनं फ्रान्सिस वूल्फची छायाचित्रं आणि रीड माइल्सची अक्षरमांडणी वापरून कव्हरालाच वेगळं मोल आणलं. आता कव्हर दाखवण्याचीही चढाओढ लागली. मूळ छपाई ओळखायला लोक तबकडीच्या मधल्या कोऱ्या भागात ध्वनिमुद्रक रूडी व्हॅन गेल्डरची ‘आरव्हीजी’ ही आद्याक्षरं शोधतात, प्लास्टिलाइट कारखान्याची कानासारखी खूण शोधतात, लेबलवरचा पत्ता वाचतात. मला या खुणांचा कंटाळा नाही, पण गप्पा खुणांवर सुरू होऊन किमतीवर संपल्या की उठावंसं वाटतं. निव्वळ किमतीच्या चर्चेत सुई तबकडीला टेकतच नाही.

खुणांचा उपयोग होतो तिथे मात्र मजा येते. माइल्स डेव्हिसच्या ‘काइंड ऑफ ब्लू’ (१९५९) ची पहिली बाजू रेकॉर्ड होताना टेप मशीन किंचित मंद चालत होतं. त्यामुळे तबकडी नेहमीच्या वेगानं फिरवली की त्या बाजूचे स्वर थोडे चढे लागतात. सोबत ट्रंपेट घेऊन वाजवायला बसणाऱ्यांना ते खटकायचं. ही चूक १९९२ च्या आवृत्तीत दुरुस्त झाली. सुरुवातीच्या छपाईत दुसऱ्या बाजूच्या दोन धुनांची नावंही उलटसुलट पडली होती. आणि पियानो बिल एव्हान्सचा म्हणून ऐकणाऱ्याला पहिल्या बाजूच्या दुसऱ्या धुनेवर बोटं वेगळी पडतात असं जाणवलं, तर त्याचा कान बरोबर आहे: ‘फ्रेडी फ्रीलोडर’वर विंटन केली आहे. कव्हरवर दोघांचीही नावं आहेत, पण ते अनेकांना कोणीतरी शेजारी बसून सांगितल्यावरच कळतं.

सोव्हिएत रशियात कव्हरच नव्हतं. तिथे वापरून टाकलेल्या क्ष-किरणांच्या फिल्मवर बंदी असलेलं संगीत कोरून विकत. बरगड्यांच्या चित्रावर ट्रंपेट. नावं हातानं लिहिलेली, बऱ्याचदा चुकीची.

मुंबईत तर प्रत्यक्ष मैफल आणि तबकड्या दोन्ही गोष्टी एकत्र नांदल्या. ताजमहाल हॉटेलात १९३५ मध्ये लिऑन ॲबीचा कृष्णवर्णीय अमेरिकी बँड आला, पुढे टेडी वेदरफर्ड आला, आणि त्यांच्यासोबत, त्यांच्याकडून शिकत गोव्याचे वादक उभे राहिले. अंतोनियो झेव्हियर वाझ, म्हणजे चिक चॉकलेट, हा त्यांतला सर्वांत लाडका. पुढच्या काळात व्हॉइस ऑफ अमेरिकावर विलिस कोनोव्हरचा कार्यक्रम लघुलहरींवर ऐकणारे होतेच. पण परदेशी एलपी आयातीच्या निर्बंधांमुळे दुर्मीळ. ज्याचा नातेवाईक बोटीवर किंवा विमान कंपनीत, त्याच्या घरी गर्दी. काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाउसमध्ये उभं राहून ऐकण्यात एका पिढीचे शनिवार गेले. ते दुकान २०१६ मध्ये बंद झालं. १९७८ मध्ये निरंजन झवेरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘जॅझ यात्रा’ हा महोत्सव भरवला आणि सॅक्सोफोनवादक सनी रोलिन्स मुंबईत प्रत्यक्ष ऐकायला मिळाला. तोवर बहुतेकांसाठी तो कव्हरवरचा फोटो होता.

आज इथले दर्दी एकमेकांना काय दाखवतात? शंकर-जयकिशनची १९६८ ची ‘रागा जॅझ स्टाइल’ जवळपास नेहमीच निघते: अकरा रागांवर रईस खाँची सतार, मनोहारी सिंगांचा सॅक्सोफोन, लेस्ली गोदिन्होचे ड्रम्स. मला ती पूर्ण पटत नाही. सतार आणि बँड बरेचदा आपापल्या खोलीत बसून वाजवतात असं वाटतं. त्यापेक्षा कोणी ‘अलबेला’ (१९५१) ची जुनी ७८ आरपीएमची तबकडी काढली तर मी पुढे सरकतो. लेबलवर सी. रामचंद्र आहेत, गाणारे आहेत. चिक चॉकलेट या चित्रपटात रामचंद्रांच्या सोबतीला होता, आपल्या मंडळींसह पडद्यावरही दिसतो. तबकडीवर त्याचं नाव नाही. पन्नासच्या दशकातल्या हिंदी सिनेसंगीताच्या तबकड्यांवर गोव्याचे किती ट्रंपेट, किती सॅक्सोफोन, किती अरेंजर असे बिननावाचे दडले आहेत! नरेश फर्नांडिसांच्या ‘ताजमहाल फॉक्सट्रॉट’नं (२०१२) त्यांतली बरीच नावं उजेडात आणली. बाकीचं काम अजून घरोघरच्या बैठकांतच चाललंय. मधल्या संगीताचा तुकडा येतो, कोणीतरी सुई उचलून पुन्हा मागे ठेवतो, एक म्हणतो फ्रँक फर्नांड, दुसरा म्हणतो शक्यच नाही, आणि गायिकेचा अंतरा सुरू झाला तरी तिच्याकडे कोणाचं लक्ष नसतं.