काचेच्या पाटीवर विमानाच्या कळा

विमानाचा विषय मजूर चळवळीतल्या माणसाने का काढावा, असे आपल्यापैकी कोणी मनात म्हणत असेल. लोह्याला विमानतळ नाही. विमान जवळून पाहायचे तर तीसेक किलोमीटरवर नांदेड गाठावे लागते, आणि आपल्यापैकी पुष्कळांनी ते खालून, मान वर करूनच पाहिले आहे. परंतु वैमानिक म्हणजे तरी कोण? यंत्रापुढे बसून पगारावर काम करणारा माणूसच ना? त्याच्यापुढे कळांचा तक्ता असतो. तसाच तो सूतगिरणीत असतो, साखर कारखान्यात असतो, एस.टी.च्या चालकापुढेही असतो. हा तक्ता मांडतो एक आणि त्यापुढे आठ आठ तास बसतो दुसराच. मांडणी चुकली तर दोष मात्र बसणाऱ्याच्या माथी येतो. आजचा विषय या जुन्या दुखण्याशी जोडलेला आहे, म्हणून आम्ही तो घेतला.

जमिनीवर बसून विमान चालविण्याचा सराव करण्याचे जे साधन, त्याला सिम्युलेटर म्हणतात. आपण त्याला नकली विमान म्हणू. याचा जनक एडविन लिंक हा अमेरिकेतील बिंगहॅम्टन गावचा. बापाचा धंदा पियानो आणि ऑर्गन बनविण्याचा. आपल्या भजनातल्या पेटीला जसा भाता असतो, तशाच भात्यांवर १९२९ च्या सुमारास लिंकने एक लाकडी खोके बसविले. आत बसलेल्याने दांडा हलविला की भात्यात हवा भरे, हवा निघे आणि खोके विमानासारखे कलंडे. आरंभी हे यंत्र जत्रेतल्या पाळण्यासारखे करमणुकीसाठीच खपले. पुढे १९३४ साली अमेरिकन सैन्याकडे टपाल वाहून नेण्याचे काम आले आणि खराब हवेत, रात्रीच्या अंधारात अनेक वैमानिक प्राणांस मुकले. तेव्हा सैन्याने अशी सहा खोकी विकत घेतली. दुसऱ्या महायुद्धात पाच लाखांहून अधिक वैमानिक व विमानसेवक या खोक्यात शिकले. माणसे मेल्याखेरीज सुरक्षेचा खर्च मंजूर होत नाही, हा नियम आकाशातही चालतो असे दिसते.

आज तेच नकली विमान घरच्या संगणकावर चालते. मायक्रोसॉफ्टचे आहे, एक्स-प्लेन नावाचे आहे, आणि जगभरच्या हौशी लोकांनी मिळून रचलेले फ्लाइटगिअर नावाचे एक आहे. हे शेवटचे अगदी फुकट मिळते. अडचण येते ती हातांची. खऱ्या लहानशा विमानातही दिवे, पंप, रेडिओ, पंखाखालच्या झडपा, चाके अशा पन्नासेक तरी कळा असतात. घरी मात्र असतो एक कळफलक. फ्लाइटगिअरमध्ये इंग्रजी लहान ‘जी’ दाबला की चाके पोटात जातात आणि मोठा ‘जी’ दाबला की बाहेर येतात! उतरण्याच्या घाईत ज्याचे बोट शिफ्टच्या कळीवरून घसरले, त्याचे विमान पोटावर आपटले म्हणून समजा. आता ही चूक कोणाची?

या प्रश्नाचे उत्तर नकली नव्हे, खऱ्या विमानांवर शोधले गेले आहे. महायुद्धात बी-१७ या बाँबफेकी विमानांचे वैमानिक धावपट्टीवर सुखरूप उतरल्यावर झडपा मिटण्याऐवजी चाकेच मिटून घेत आणि धडधाकट विमान जमिनीवर बसवीत. अहवालात शेरा पडे, ‘वैमानिकाची चूक’. अल्फॉन्स चॅपॅनिस नावाच्या तरुण मानसशास्त्रज्ञाने विमानात जाऊन पाहिले. चाकांची कळ आणि झडपांची कळ शेजारी शेजारी आणि दिसायला एकसारख्या! त्याने एका कळीच्या टोकाला रबराचे छोटे चाक बसविले, दुसरीला पाचरीसारखा तुकडा. अंधारातही बोटाला कळू लागले की हातात काय आहे. १९४७ साली फिट्स आणि जोन्स या दोघांनी ‘वैमानिकाच्या चुका’ म्हणून नोंदलेले ४६० प्रसंग तपासले. त्यांतले निम्म्याच्या आसपास एका कळेऐवजी दुसरीच कळ हाताळल्याचे निघाले. आजही मोठ्या विमानात चाकांच्या कळीला चाकाचाच आकार असतो. आम्ही एका जिनिंगमध्ये पाहिले होते, यंत्र थांबविण्याचे बटण कामगाराच्या पाठीमागे भिंतीवर होते. हात अडकला तेव्हा पंचनाम्यात ‘निष्काळजीपणा’ हाच शब्द आला. तिथे एखादा चॅपॅनिस आला नाही.

आता टॅब्लेट. ही काचेची पाटीच आहे. महाज्योतीकडून परीक्षेच्या तयारीसाठी मिळालेली असेल, नाही तर घरात जुनी पडलेली असेल. तिच्यावर कळांचे चित्र काढायचे आणि त्या चित्राने संगणकातले विमान हलवायचे, एवढीच युक्ती आहे. ती चालते कशी? नकली विमानात प्रत्येक कळेला एक पत्ता असतो. गाव, गल्ली, घर तसे कंट्रोल्स, त्यात गिअर, त्यात गिअर-डाऊन. आणि त्या घरात एक आकडा बसलेला असतो, शून्य किंवा एक. पाटी आणि संगणक घरातल्या एकाच वायफायवर जोडले की बोट लागताच पाटी निरोप धाडते, ‘अमुक पत्त्यावरचा आकडा एक करा’. फ्लाइटगिअर सुरू करताना त्याला हे निरोप घेण्याची आज्ञा दिली, की पाटीवरच्या साध्या ब्राउझरमध्येही त्याचे पान उघडते. वेगळे काही विकत घ्यावे लागत नाही.

निरोप दोन्ही बाजूंनी जातो, ही गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. बटण दाबल्याबरोबर हिरवा दिवा लावणे सोपे आहे, पण ते खोटे आहे. चाके खरोखर उतरून अडकली असा आकडा विमानाकडून परत आला, तरच दिवा लागला पाहिजे. हुकूम सुटला आणि काम झाले या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे सरकारी कचेरीत खेटे घातलेल्यांना सांगायला नको.

मांडणी आपल्या हाती आली, म्हणजे खरे काम सुरू होते. नवशिका पोरगा खऱ्या विमानाचे चित्र जसेच्या तसे पाटीवर उतरवतो. दहा इंचांत पन्नास कळा, प्रत्येक हरभऱ्याएवढी. आमच्या मते हे चूक. समजा, नांदेडला उतरण्याचा सराव करायचा आहे. मग त्या दहा मिनिटांत जे लागते तेवढेच एका पानावर घ्यावे. दिवा, पंप, चाके, झडपा, ज्या क्रमाने काम होते त्याच क्रमाने डावीकडून उजवीकडे. चाके आणि झडपा शेजारी ठेवू नयेत. इंजिन बंद करण्याच्या कळेला दोनदा बोट लावल्याशिवाय ती चालू नये. नावे मराठीत लिहिली तरी यंत्राची हरकत नसते.

मात्र काचेला आकार नाही. चॅपॅनिसने रबराचे चाक लावून जे कमावले, ते गुळगुळीत पाटीवर गमावले जाते. बटण शोधायला नजर खाली न्यावीच लागते. २१ ऑगस्ट २०१७ रोजी सिंगापूरजवळ अमेरिकेची ‘जॉन एस. मॅकेन’ ही युद्धनौका एका तेलवाहू जहाजावर आदळून १० खलाशी मेले. तिचे सुकाणू व वेग काचेच्या पडद्यावरून चालत; खलाशांना त्याचे शिक्षण अपुरे होते. चौकशीनंतर त्या आरमाराने वेगाचे हाताने ढकलायचे दांडे पुन्हा बसविण्याचे ठरविले. म्हणून ज्यावर हात सतत असतो ते दांडे, म्हणजे दिशेचा आणि वेगाचा, खरेच असावेत. साधी जॉयस्टिक त्याला पुरते. पाटीकडे अधूनमधून लागणाऱ्या कळाच द्याव्यात. शिवाय वायफायवर निरोप कधी क्षणभर रेंगाळतो. दिवा लावताना ते चालते, विमान सावरताना चालत नाही.

वैमानिकाच्या व्यावसायिक परवान्याला आपल्या देशात २०० तासांचे उड्डाण लागते आणि त्याचा खर्च लाखांच्या घरात जातो. घरच्या पाटीवरचा एकही तास त्यात धरला जात नाही, हे पालकांनी आधीच समजून घ्यावे. बारामतीला किंवा गोंदियाला शिकायला गेलेल्या मुलाला कळांची नावे, त्यांचा क्रम आणि हाताची शिस्त आधीच ठाऊक असेल, एवढाच लाभ. यासाठी दोघांनी मिळून बसावे. एकाने विमान उतरवावे, दुसऱ्याने वही घेऊन कोणते बोट कुठे चुकले ते टिपावे. दहा वेळा उतरून झाले की वही पाहावी. एकच बटण तीनदा चुकलेले दिसले तर ते दुसऱ्या जागी न्यावे, मोठे करावे, नाही तर काचेच्या कडेला तेवढ्याच उंचीवर पुठ्ठ्याची पट्टी चिकटवावी, म्हणजे न पाहता अंगठा तिथे टेकेल. मग पुन्हा दहा वेळा उतरावे.