मात्रा कमी, कसब जास्त
भारतात रेडिएशन ऑन्कोलॉजीचं एमडी 3 वर्षांचं. निवासी डॉक्टरांचा बराचसा वेळ तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगातच जातो. तोंडाच्या गाठीला 60 ग्रे किंवा अधिक किरणमात्रा लागते. रक्ताच्या कर्करोगांचं गणित वेगळं: सुरुवातीच्या, कमी जोखमीच्या हॉजकिन लिम्फोमाला केमोथेरपीनंतर 20 ग्रे पुरतात. फॉलिक्युलर लिम्फोमाची गाठ तर कधी अवघ्या 4 ग्रेनेही विरघळते! अस्थिमज्जा प्रत्यारोपणापूर्वी मात्र काही रुग्णांचं अख्खं शरीर किरणांखाली येतं: बहुधा 12 ग्रे, 3 दिवसांत 6 वेळा. त्या वेळी फुप्फुसं वाचवायला शिशाचे ठोकळे रुग्णाच्या छातीबरहुकूम बसवावे लागतात. हे कसब पुस्तकातून येत नाही. प्रत्येक निवासी डॉक्टरला काही आठवडे प्रत्यारोपण केंद्रात पाठवायलाच हवं.