बिनतारी ध्वनिग्राहक

रंगमंचावर मुक्तपणे वावरणाऱ्या नटाचा शब्द तारेवाचून शेवटच्या रांगेपर्यंत कसा पोहोचतो? पोशाखात दडविलेला चिमुकला ध्वनिग्राहक आवाजाच्या कंपनांचे विद्युत्प्रवाहात रूपांतर करतो. कमरेचा प्रक्षेपक तो प्रवाह रेडिओलहरीवर आरूढ करून धाडतो; त्या लहरीशी जुळविलेले ग्राहकयंत्र तिच्यातून मूळ आवाज वेगळा काढते.

नट अनेक असल्यास प्रत्येकास निराळी लहर द्यावी लागते. परंतु तेवढ्याने भागत नाही. सेकंदास 60 कोटी व 60 कोटी 10 लक्ष कंपनांच्या दोन लहरी यंत्रात मिसळल्या, की तितक्याच अंतरावर, 60 कोटी 20 लक्षांची आगंतुक लहर उपजते. तिसऱ्या नटाची लहर नेमकी तीच असली, तर त्याच्या बोलण्यात खरखर शिरते. म्हणून लहरींमधील अंतरे मुद्दाम असमान ठेवतात. मग एकाचा शब्द दुसऱ्याच्या आड येत नाही.