ऊसतोड, अंगदुखी आणि दारू

दिवाळी सरली की आपल्या जिल्ह्यातले रस्ते उसाच्या गाड्यांनी भरून जातात. पाथर्डी, शेवगाव, जामखेडच्या कोरडवाहू गावांतून आणि शेजारच्या बीड जिल्ह्यातून ऊसतोड मजूर उतरतात. पाचटाच्या कोप्या उभ्या राहतात. आम्हा डॉक्टरांकडेही हंगामी पेशंट सुरू होतात. कोयत्याने कापलेले बोट, धरलेली कंबर, खोकला, ताप अशा त्यांच्या तक्रारी असतात. पुष्कळांच्या तोंडाला आदल्या रात्रीचा वास असतो. विचारले तर उत्तर ठरलेले, "घेतल्याबिगर अंग उचलत नाही, डॉक्टरसाहेब."

या उत्तराकडे आपण बहाणा म्हणून पाहतो. पण त्यात रोगाचे अर्धे निदान आहे.

नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक 'कोयता'. मुकादमाकडून घेतलेली उचल तोडलेल्या टनांतून फेडायची. एक दिवस काम बुडाले तर 'खाडा' धरून पैसे कापले जातात. पहाटे अंधारात फडात जायचे, दिवसभर वाकून तोडायचे, मोळ्या बांधायच्या आणि त्या डोक्यावर घेऊन फळीवरून वर चढायचे. गाडी रात्री आली तर रात्रीच भरायची. जानेवारी २०२४ च्या करारात तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली, ती योग्यच होती. पण दर वाढला म्हणून मोळीचे वजन कमी होत नाही. डॉक्टरकडे जायचे म्हणजे खाडा. मग उरते दुकानातली दुखण्याची गोळी आणि देशीची बाटली.

तीन गैरसमज

पहिला, दारूने शीण जातो. दारू मेंदू बधिर करते, म्हणून दुखणे तेवढ्यापुरते जाणवत नाही. झोप लवकर लागते, पण मोडमोडून येते. लघवी जास्त होऊन शरीरातले पाणी कमी होते. सकाळी अंग अधिकच दुखते आणि संध्याकाळी पुन्हा बाटली आठवते.

दुसरा, थंडीत ऊब येते. दारूने कातडीखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, म्हणून गरम वाटते. प्रत्यक्षात शरीरातली उष्णता बाहेर जाते. उघड्या कोपीत हे धोक्याचे आहे.

तिसरा, ताकद येते. उपाशीपोटी दारू घेतली की यकृताचे साखर पुरवण्याचे काम मंदावते. रक्तातली साखर उतरते, हात थरथरतात, चक्कर येते, आणि त्याच हातात कोयता असतो! रोज पिणाऱ्याला बी-१ जीवनसत्त्व कमी पडून हातापायांना मुंग्या येतात. दारूबरोबर दुखण्याच्या गोळ्या घेतल्या तर जठरातून रक्तस्राव होऊ शकतो. शौचास डांबरासारखे काळे झाले तर एक दिवसही थांबू नये.

घरधनिणीचे काय?

ती तेवढाच ऊस तोडते, शिवाय त्याच्या आधी उठून भाकरी थापते. २०१९ साली बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची शासनाने चौकशी केली. ८२ हजारांवर महिलांच्या पाहणीत १३ हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. पाळीच्या त्रासाने खाडा पडू नये, हे त्यामागचे एक कारण पुढे आले. त्याला बाटली आणि तिला शस्त्रक्रिया, दोन्हींच्या मुळाशी दुखणाईताला सुट्टी नसणे आहे.

खुशालीची बाटली

दक्षिण आफ्रिकेतील द्राक्षमळ्यांवर मजुरीचा काही भाग स्वस्त वाइनच्या रूपात देण्याची पद्धत होती. तिला 'डॉप' म्हणत. कायद्याने बंदी आल्यावरही ती अनेक मळ्यांवर चालू राहिली. परिणाम पुढच्या पिढीपर्यंत पोचला. गरोदरपणी आईच्या पोटात गेलेल्या दारूमुळे जन्मतःच मेंदूची वाढ खुंटलेली मुले तिथे मोठ्या संख्येने आढळली.

आपल्याकडे मजुरीत दारू देत नाहीत. पण ऊस लवकर जावा म्हणून 'खुशाली' दिली जाते आणि त्यात कुठे कुठे बाटली असते, हे वाचकांना मी सांगायला नको. उसाच्या मळीपासून बनलेले मद्यार्कच देशी दारूत असते. म्हणजे मजुराने तोडलेला ऊस बाटलीतून त्याच्याच कोपीत परत येतो आणि त्याची उचल वाढवतो. गावातील महिला मतदान करून दुकानाची बाटली आडवी करू शकतात. कोपीतल्या बाईचे नाव मात्र तिच्या गावच्या यादीत असते, त्यामुळे इथे तिला मत नाही. तिच्या वतीने बोलायचे ते आपणच.

काय करावे?

ज्यांच्या फडात टोळी आहे त्यांनी बाटली देऊ नये. खुशाली द्यायचीच तर शेंगदाणे, गूळ, गोडेतेल द्यावे. फडावर स्वच्छ पाणी ठेवावे. आजारी मजुराला मुकादमाकडून एका दिवसाची मोकळीक मिळवून द्यावी.

रोज भरपूर पिणाऱ्याने मनानेच एकदम बंद करू नये. दोन-तीन दिवसांत कंप, झटके, भ्रम होऊन जीव जाऊ शकतो. त्याला दवाखान्यात आणावे. यावर चांगले उपचार आहेत. व्यसनमुक्तीचा शासकीय मोफत दूरध्वनी क्रमांक १४४४६ आहे.

हातभट्टीची किंवा बनावट दारू कधीच घेऊ नये. फेब्रुवारी २०१७ मध्ये नगर तालुक्यातील पांगरमलला विषारी दारूने घेतलेले बळी आपण विसरलेलो नाही. पिल्यानंतर डोळ्यांपुढे धूसर दिसू लागले, पोटात दुखून उलट्या झाल्या तर 'उतरेल' म्हणत बसू नये. तडक मोठे रुग्णालय गाठावे. काही तासांच्या उशिराने दृष्टी जाते, जीवही जातो.

मजुराला दारूवर व्याख्यान देणे सोपे आहे. या हंगामात त्याला आधी एक दिवस विश्रांती देऊन पाहू या.