संकटतारक बोधिसत्त्व

देऊळघाट परिसरातील शाळांची सहल छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) येथील बौद्ध लेण्यांस जाईल, तेव्हा शिक्षकांनी मुलांस ७ व्या लेण्याच्या दारापाशी अंमळ थांबवावे. तेथे अवलोकितेश्वर बोधिसत्त्वाची उभी मूर्ती आहे. ती इ. स. ६ व्या शतकात खडकातच कोरलेली आहे.

बोधिसत्त्व म्हणजे इतरांच्या दुःखमुक्तीसाठी स्वतःचे निर्वाण लांबणीवर टाकणारा. जटामुकुटातील लहानशी बुद्धप्रतिमा व हातातील कमळ या खुणांवरून अवलोकितेश्वर ओळखावा.

मूर्तीच्या दोन्ही बाजूंस चार-चार प्रसंग कोरले आहेत. एकीकडे आग, शस्त्रधारी शत्रू, बेड्या व बुडते जहाज. दुसरीकडे सिंह, सर्प, मत्त हत्ती व मृत्यू. भयभीत माणसे बोधिसत्त्वाचा धावा करीत आहेत. घाटमार्गाने व समुद्रमार्गाने जाणाऱ्या व्यापाऱ्यांस ही संकटे परिचित होती. ज्यास अक्षरओळख नव्हती, त्यासही हा पाठ वाचता येई. याच विषयाचे शिल्प अजिंठ्याच्या ४ थ्या लेण्यातही आहे.

शिक्षकांनी अर्थ आधी सांगू नये. 'ही माणसे कशास भ्याली आहेत?' असे विचारून एकेक प्रसंग मुलांसच ओळखू द्यावा. शाळेत परतल्यावर, आज संकटात कोण कोणाच्या मदतीस धावतो, यावर त्यांजकडून चार ओळी लिहून घ्याव्यात. मात्र शिल्पास हात लावू देऊ नये, नावे कोरू देऊ नयेत. सुमारे १४०० वर्षे टिकलेली ही रेषा एकदा खरवडली गेली, तर पुन्हा उमटत नाही.