जुनी स्पोर्ट्‌स कार आणि मायलेजचा आकडा

शिरपूर जैनच्या ज्या हौशी गृहस्थास वापरलेली स्पोर्ट्‌स कार, मग ती गोव्यात घडलेली, फायबरग्लासच्या बॉडीची व रेनॉच्या इंजिनाची ‘सॅन स्टॉर्म’ का असेना, घ्यावयाची असेल, त्याने विक्रेत्याच्या तोंडी असलेल्या मायलेजच्या आकड्याचे मूळ प्रथम जाणून घ्यावे. पुण्याच्या ‘एआरएआय’सारख्या चाचणीसंस्थेत गाडी रस्त्यावर नव्हे, रोलरवर चालविली जाते, या भारतीय चाचणीचक्राचा अवधी 1180 सेकंदांचा, कमाल वेग ताशी 90 किलोमीटरचा, आणि एसी सर्वकाळ बंद. नव्या, निर्दोष इंजिनाने मिळविलेला हा आकडा दोन गाड्यांच्या तुलनेस फार उपयोगी असला, तरी दहा-पंधरा वर्षे झिजलेल्या इंजिनास तो लागू करणे सर्वथा गैर होय. त्या गाडीचा खरा आकडा काढण्यासाठी टाकी काठोकाठ भरून अकोल्यास जाऊन यावे, पुन्हा काठोकाठ भरावी, आणि कापलेल्या अंतरास दुसऱ्या खेपेच्या लिटरांनी भागावे. मग बॉडी तपासावी. फायबरग्लास गंजत नाही. पण दारांच्या बिजागऱ्यांभोवती केसासारख्या बारीक भेगा असतात, त्या उन्हात निरखून पाहाव्यात. चॅसिसवर कोरलेला क्रमांक नोंदणीपुस्तकाशी ताडावा, कर्जाचा बोजा उतरल्याची खातरजमा करावी, आणि मालकी-हस्तांतरणाच्या नमुना 29 व 30 वर रीतसर सह्या झाल्याखेरीज पूर्ण रक्कम हवाली करू नये.